कृपा की कंत्राट?

ईश्वराचा आशीर्वाद कशास म्हणावे, या प्रश्नाचे एक फार सोपे उत्तर अलीकडे आपल्याकडील काही ख्रिस्ती प्रार्थनासभांतून रूढ होऊ लागले आहे. श्रद्धा दृढ असेल तर पगार वाढतो, तात्पुरती नोकरी कायम होते, भाड्याच्या खोलीच्या जागी स्वतःचे घर येते. आणि तसे न घडल्यास श्रद्धाच उणी पडली असे समजावे! हे मत कोठेही अनिष्टच; परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यात ते केवळ अनिष्ट नव्हे, क्रूर ठरते.

1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. पुढे मोटारींचे कारखाने आले, आणि कांद्याच्या बाजाराबद्दल ठाऊक असलेले चाकण मोटारींसाठी ओळखले जाऊ लागले. पोटासाठी येथे आलेल्यांत मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. शेजारी शेजारी राबणाऱ्या दोघांपैकी एक कायम आणि दुसरा कंत्राटी, हा भेद परमेश्वराने केलेला नाही. तो मालकाच्या सोयीने व ठेकेदाराच्या हातून झाला आहे. त्या दुसऱ्यास रविवारी 'तुझा विश्वास कमी पडतो' असे सांगणे म्हणजे ठेकेदाराचे पाप मजुराच्या माथी मारणे होय.

येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला येथील मजूर अड्ड्यावर कोणास उलगडून सांगण्याची गरज पडू नये. दिवस कलेपर्यंत ज्यांना कोणी कामावर लावले नाही, त्यांनाही धनी पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. त्यांची ठरलेली मजुरी कोणी बुडविली नव्हती. दुसऱ्यास मिळालेले औदार्य त्यांना सोसवले नाही, इतकेच. आशीर्वाद देणाऱ्याच्या औदार्यातून येतो, घेणाऱ्याच्या लायकीतून नव्हे, हे या दाखल्याचे मर्म. श्रद्धेला मजुरीचा दर लावणारे उपदेशक नेमके हेच मर्म पुसून टाकतात.

'मग भक्ताने मागूच नये काय?' असे कोणी विचारील. अवश्य मागावे. रोजची भाकर मागण्यास खुद्द येशूनेच शिकविले. परंतु लेकराने आईपाशी मागणे निराळे आणि सावकाराने दारात बसून वसुली करणे निराळे. पहिल्यात विश्वास आहे. दुसऱ्यात केवळ दावा.

विश्वासाचे खरे रूप पाहावयाचे असेल तर याच पुणे जिल्ह्यातील केडगावकडे पाहावे. 1889 साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले, तेव्हा अमेरिकेतील मित्रमंडळींचे साहाय्य दहा वर्षांपुरते ठरलेले होते. ती मुदत सरत आली म्हणून बाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. त्यांनी केडगावास जमीन घेतली, मळा केला, विहिरी खणविल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. उद्याची शिधासामग्री त्यांनी देवावर सोपविली, पण आजचे काम कोणावर सोपविले नाही. आणि 1921 साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पुढच्याच वर्षी बाईही गेल्या. सुखसंपत्ती हेच आशीर्वादाचे माप असेल, तर रमाबाईंचा विश्वास कमी होता असे म्हणण्यास हे उपदेशक धजतील काय?

ही दृष्टी परकी आहे असेही कोणी समजू नये. या पट्ट्याच्या कडेलाच देहू आहे. दुष्काळाने पोळलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे मानीत, ते उगीच नव्हे. ज्याने येणे असलेले कर्ज नदीत सोडले, त्याला देवाशी देण्याघेण्याची वही कशी ठेवता येईल?

आता एक शब्द आपल्या सुशिक्षित वर्गास. कंत्राटी मजुराच्या भोळेपणास हसणे सोपे आहे. परंतु आपली पदवी, आपली बढती, आपल्या मुलांचे परदेशगमन हे सारे केवळ स्वकर्तृत्वाचे फळ असे मानताना आपणही तीच वही उघडून बसलेले असतो. तो म्हणतो, श्रद्धेने मिळेल; आपण म्हणतो, लायकीने मिळाले. दान म्हणून घेण्यास दोघेही तयार नाहीत. फरक इतकाच की त्याच्या चुकीमागे गरज आहे, आपल्या चुकीमागे गर्व.

जे दान म्हणून घेतले, तेच पुढे दुसऱ्यास देता येते. हक्काचे म्हणून उचललेले मुठीतच राहते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. व्यासपीठावरून पगारवाढीची हमी देणे उपदेशकांनी थांबवावे. आणि सभेतील ज्या कायम नोकरदारांना आपण आशीर्वादित आहो असे वाटते, त्यांनी शेजारच्या कंत्राटी बांधवाच्या न्याय्य मजुरीसाठी बोलावे. कृपा स्वीकारल्याची याहून चांगली खूण आम्हांस ठाऊक नाही.