गुरांना औषध देताना गिधाडांचाही विचार करा

बैल लंगडायला लागला किंवा गाभण म्हशीला ताप भरला की घरात कुणालाच जेवण गोड लागत नाही. रात्री-अपरात्री गुरांच्या डॉक्टरांना फोन जातो. सुई टोचल्यावर जनावर उठून वैरणीला तोंड लावतं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मुक्या जिवाबद्दलची ही कणव शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही. निसर्ग राखायचा तर तो याच कणवेच्या बळावर राखता येईल, असं मी मानतो. मात्र ती गोठ्याच्या दारातून पुढेही जायला हवी. ती तिथेच थांबली तर काय होतं, हे गिधाडांच्या बाबतीत आपण पाहिलं आहे.

1990 च्या दशकात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गुरांसाठी स्वस्तात मिळू लागलं. गुण लगेच यायचा, त्यामुळे ते गावोगाव पोहोचलं. औषध देऊनही एखादं जनावर दगावलं, तर नेहमीप्रमाणे ते गावाबाहेर नेऊन टाकलं जायचं. त्याच्या मांसात औषधाचा अंश राहायचा. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं काही दिवसांतच निकामी होत, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा खडूसारखा पांढरा थर चढे आणि पक्षी मरून पडे. पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून हे कारण 2004 मध्ये जगापुढे आलं. तोवर फार उशीर झाला होता. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून अधिक घटली. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची गिधाडंही जवळपास तशीच गेली.

हे सगळं शंभरात एकाहूनही कमी मढ्यांमुळे घडू शकलं, असं अभ्यासकांचं गणित सांगतं. इतक्या थोड्या मढ्यांनी एवढा संहार कसा झाला असेल? गिधाडं घोळक्याने जेवतात, त्यामुळे एकच मढं अनेकांचा जीव घेतं. शिवाय मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. मेलेल्यांची जागा भरून निघायला वेळच मिळाला नाही. म्हणून ‘माझ्या एका बैलाने काय होणार?’ असं कृपा करून म्हणू नका.

यात शेतकऱ्याला दोषी धरणं मला पटत नाही. त्याने आपल्या जनावराची वेदना पाहिली आणि ती थांबवली. त्या सुईचा शेवट कुणाच्या पोटात होतो, हे त्या वेळी डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. आज ते ठाऊक आहे.

गिधाडं नाहीशी झाली की मढी सडत पडतात, भटकी कुत्री माजतात, पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका वाढतो. हे सगळं खरं आहे आणि लोकांना सांगायलाही हवं. पण केवळ आपल्या फायद्यासाठी एखादा जीव वाचवायचा, तर फायदा दुसऱ्या वाटेने मिळाला की तो जीव आपल्याला नकोसा होतो. हरीण, मोर यांच्यावर माया करणं सोपं आहे. टक्कल पडलेलं, मढ्यात मान खुपसणारं गिधाड मात्र आपल्याकडे शिवी देण्यापुरतंच आठवतं. खरं तर सीतेसाठी रावणाशी झुंजलेला जटायू आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. रामाने त्याचे अंत्यसंस्कार केले, ती जागा इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदची, असं लोक मानतात आणि तिथे श्रद्धेने जातात. त्या श्रद्धेतला थोडा वाटा आज जिवंत असलेल्या गिधाडांनाही मिळावा.

आता करायचं काय? आधी कशावर बंदी आहे ते पाहू. गुरांना देण्याच्या डायक्लोफेनॅकवर 2006 पासून बंदी आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून 2015 मध्ये त्याचं इंजेक्शन 3 मिलीच्या एकाच मात्रेपुरतं मर्यादित केलं गेलं. ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या वेदनाशामकांवरही गुरांसाठी 2023 मध्ये बंदी आली. निमेसुलाइडही गिधाडांना घातक आहे. डॉक्टर सुई भरत असताना ‘मेलॉक्सिकॅम आहे ना?’ एवढं विचारा. ते गुरांना गुणकारी आहे आणि गिधाडांनाही त्याचा त्रास होत नाही. टॉल्फेनॅमिक ॲसिडही चालतं. मेडिकलच्या दुकानातून माणसांची औषधं आणून स्वतःच टोचू नका. असं विचारलं म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

उपचार चालू असताना किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत जनावर दगावलं, तर ते उघड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. बिबट्याने वासरू मारलं तर संताप होणारच, नुकसान मोठं असतं. पण त्या वासरावर विष टाकू नका, ते मांस गिधाडंही खातात. वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मागा, तो तुमचा हक्क आहे. शिवारातल्या उंच झाडावर गिधाडाचं घरटं असेल तर ते झाड तोडू नका. आणि मान टाकून बसलेलं, उडू न शकणारं गिधाड दिसलं, तर पोरांना आणि कुत्र्यांना त्याच्यापासून लांब ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करा.