जुने विमान आणि बांबूचे टीपी बुक

आलापल्लीच्या चौकात जुनी मोटारसायकल घेणारा माणूस आधी आरसी मागतो. इंजिन नंबर जुळतो का, फायनान्सचा बोजा उतरला का, विमा चालू आहे का, हे पाहिल्यावरच फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. कागद नीट आहेत ना, एवढे विचारायला आम्हा वकिलांकडे माणसे येतात.

जुने बिझनेस जेट घेणारा धनिकही नेमके हेच करतो. हॉकर ८००, सायटेशन एक्सएलएस ही मधल्या आकाराची, साधारण आठ-नऊ प्रवाशांची विमाने जुन्या बाजारात मिळतात. तिथे आरसीच्या जागी लॉगबुक असते. त्याच्या नोंदी अपुऱ्या असल्या की किंमत पडते. इंजिन किती तास चालले, पुढची मोठी दुरुस्ती कधी, कोणत्या बँकेचा बोजा आहे, हे सारे तपासले जाते. इथपर्यंत दोघांचे शहाणपण सारखेच. फरक पडतो तो कराच्या खिडकीवर.

सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे. तेच विमान भाड्याच्या सेवेसाठी आणले तर ५ टक्के. समजा, परदेशातून ४० कोटींचे जुने जेट आणले, तर इतर शुल्के बाजूला ठेवली तरी पहिल्या खात्यात १६ कोटी आणि दुसऱ्या खात्यात २ कोटी भरावे लागतील. म्हणजे १४ कोटींचा फरक केवळ एका शब्दाचा!

हा शब्दांचा खेळ नवा नाही. २००७ च्या अर्थसंकल्पात खासगी विमानांच्या आयातीवर शुल्क बसले. त्याच वर्षी मे महिन्यात अधिसूचना निघाली आणि भाड्याने उडणाऱ्या विमानांना सूट मिळाली. त्यातली एक अट अशी की, विमान त्याच सेवेसाठी वापरीन असे हमीपत्र द्यायचे. पुढे अनेक कंपन्यांना सीमाशुल्क खात्याच्या नोटिसा गेल्या. भाड्याच्या नावाने आणलेल्या विमानात मालक आणि त्याचीच माणसे फिरतात, हा आक्षेप होता. अखेर व्हीआरएल लॉजिस्टिक्सच्या प्रकरणात २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाच्या मोठ्या पीठाने कंपन्यांच्या बाजूचा अर्थ लावला. परवान्याची अट मोडली की नाही हे विमान वाहतूक खात्याने ठरवावे, सीमाशुल्क खात्याने नव्हे, असेही सांगितले. निकाल चुकला असे मी म्हणत नाही. अधिसूचनेचे शब्दच तसे सैल आहेत, आणि सैल शब्दांचा फायदा कोणाला मिळतो हे कोर्टात उभे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात बांबू हे गौण वनोपज आहे आणि त्यावर मालकी गावाची आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला आपल्याच जंगलातला बांबू बाहेर नेण्यासाठी टीपी बुक मिळाले ते २७ एप्रिल २०११ रोजी, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. तोवर वनखाते म्हणत होते की बांबू हे झाड आहे. तिथे हमीपत्र चालले नाही.

भाड्याच्या विमानाला सवलत नसावी असे नाही. रुग्ण नेणारे विमानही त्यातच येते. पण सोडून दिलेला कर हा सरकारी तिजोरीतला पैसा आहे. म्हणून सवलतीत आलेल्या प्रत्येक विमानाचे वर्षभराचे उड्डाणाचे तास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर करावेत. मालकाच्या समूहासाठी किती, बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी किती, एवढेच. प्रवाशांची नावे कोणी मागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज मी तयार केला आहे. ज्यांना त्याची प्रत हवी असेल त्यांनी कळवावे.