शिवेवरच्या गावांचा जाहीरनामा

हिवरा आश्रम, जिल्हा बुलढाणा

आम्ही वऱ्हाड-मराठवाड्याच्या शिवेवरची माणसे. आमच्या भूमीचे व्यवहार आम्हाला न विचारता झाले. १८५३ साली कंपनी सरकारने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. १९३६ साली इंग्रजांनी निजामाचे नावापुरते स्वामित्व पुन्हा मान्य केले. यांतल्या एकाही करारावर इथल्या शेतकऱ्याचा अंगठा नाही.

१९४७ उजाडले. वऱ्हाड स्वतंत्र भारतात आला. शेजारचा जालना-परभणीचा मुलूख निजामाकडेच राहिला. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या दहशतीने उठलेली कुटुंबे पोरेबाळे घेऊन वऱ्हाडात आली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारच्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली आणि मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. त्याच्या चौकशीसाठी भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला. दरवर्षी १७ सप्टेंबरला मुक्तीचा झेंडा फडकतो. तो फडकलाच पाहिजे. पण त्या वर्षी कोणाची घरे उठली, ती कोणी सावरली, हे त्या दिवशी कोणी सांगत नाही.

उठणे आजही थांबलेले नाही. जिगाव धरणासाठी पूर्णा नदीकाठची गावे उठत आहेत. दिवाळी सरली की ऊसतोडीला, वीटभट्टीला बिऱ्हाडे निघतात आणि पोरांची शाळा मागे राहते.

आम्ही मानतो, की आसरा हा उपकार नाही, हक्क आहे. तो हक्क म्हणजे विहिरीवरचे पाणी, रेशनचे धान्य, शाळेच्या हजेरीपटावरचे नाव आणि मतदार यादीतली ओळ. आम्ही मानतो, की रझाकारांनी उठवलेले घर आणि सुडाने उठवलेले घर एकाच इतिहासात लिहिले पाहिजे. विवेकानंद जयंतीला याच हिवरा आश्रम गावात ट्रॅक्टरांतून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते, लाखो माणसे एका पंगतीत जेवतात. एका दिवसाची ही रीत आम्ही वर्षभराचा कायदा करू.

आम्ही मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांत घरोघर जाऊ. १९४८ ची आठवण असलेल्या म्हाताऱ्या माणसांचे बोल लिहून घेऊ. मंदिराच्या पारावर बसू, मशिदीच्या अंगणातही बसू. प्रत्येक गावात आलेल्या-गेलेल्यांची नोंदवही ठेवू आणि ती ग्रामसभेत वाचू. धरणग्रस्तांना पाणी चढण्याआधी घर मिळावे म्हणून त्यांच्यासोबत उभे राहू. स्थलांतरित मजुरांच्या पोरांचे नाव आठ दिवसांत शाळेत लागेल, हे पाहू.

तुमच्या घरी कोणी शीव ओलांडून आले असेल, तर या. तुमच्या घराने कोणाला ओसरी दिली असेल, तर या. तुमच्या गावाने कोणाला हाकलले असेल, तरीही या. ते सांगण्याचे धैर्य आम्हाला हवे आहे. करार दिल्लीत झाले, हैदराबादेत झाले. यापुढचा करार आमच्या ग्रामसभांत होईल आणि त्यावर आमची सही असेल.