खेळाचा तास कोणाच्या मालकीचा?

उन्हाळा सरत आला की वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर येथील चौकांत खासगी इंग्रजी शाळांचे फलक झळकू लागतात. पूर्वी अशा फलकांवर दहावीच्या निकालाची टक्केवारी असे. आता तिच्या जोडीला रोबोटिक्स क्लब, स्केटिंग, नाट्यवर्ग, बुद्धिबळ, पर्यावरण मंडळ, वक्तृत्व मंडळ अशी लांबलचक यादी असते. टक्केवारी सगळेच दाखवू लागले, तेव्हा आपला माल वेगळा दिसावा म्हणून वेष्टन बदलणे भाग पडले. यात नवल ते काय, असे म्हणून पुष्कळ जण हा विषय सोडून देतात, आणि त्यांत चळवळीतील कार्यकर्तेही आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेला शिक्षक पुरेसे नाहीत, छप्पर गळते. अशा वेळी नाटकाच्या आणि बुद्धिबळाच्या गप्पा म्हणजे धनिकांच्या पोरांचे चोचले, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद कष्टकऱ्यांच्या कैवाराचा वाटतो. प्रत्यक्षात तो शिक्षणसम्राटांच्या पथ्यावर पडणारा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाचा सर्वांगीण विकास, शारीरिक व मानसिक क्षमतांचा पुरेपूर विकास आणि कृतीतून, शोधातून शिकणे ही अभ्यासक्रमाची अंगे म्हणून सांगितलेली आहेत. ती फावल्या वेळची करमणूक म्हणून सांगितलेली नाहीत. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि ग्रंथालय असलेच पाहिजे, असे बंधन आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील भिंतच पाडून टाकण्याची घोषणा केली. कागदावर भिंत पडली. व्यवहारात मात्र ती आणखी उंच झाली आणि तिच्या दाराशी फी गोळा करणारा माणूस बसला. गणित आणि भाषा तेवढी सरकारी शाळेने शिकवावी, बाकीचे ज्याला परवडेल त्याने विकत घ्यावे, ही वाटणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती गुपचूप झालेली आहे, आणि ‘आधी छप्पर, मग नाटक’ म्हणणारे तिला नकळत संमती देत आहेत.

आता हिशेब. समग्र शिक्षा अभियानात सरकारी प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. शंभर मुलांची शाळा धरली तर दर मुलामागे वर्षाला ५० रुपये, म्हणजे शाळेचे दहा महिने धरता महिन्याला पाच रुपये होतात. या पाच रुपयांत चेंडू, दोरी, लेझीम, सगळे बसवायचे. युवा व पर्यावरण मंडळासाठी आणखी तेवढेच. शिकवणाऱ्या माणसाची कथा याहून विदारक आहे. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमण्याची सक्ती कायद्याने केली, ती फक्त सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी आणि तीही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच. मानोरा तालुक्यातील तांड्यावरची शाळा शंभराचा हा उंबरठा ओलांडणार कशी? ऊसतोडीला आणि वीटभट्टीला आईबाप निघाले की पोरेही त्यांच्यामागे जातात आणि पट आणखी खाली येतो. जेथे गरज सर्वांत मोठी, तेथेच कायदा हात आखडता घेतो.

याच्या शेजारी अटल टिंकरिंग प्रयोगशाळेची योजना ठेवून पाहावी. नीती आयोगाच्या या योजनेत एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि खासगी शाळाही त्यास पात्र आहेत. अट अशी की शाळेत सहावी ते दहावीचे वर्ग असावेत आणि सर्वसाधारणपणे १,५०० चौरस फूट बांधलेली जागा असावी. गावच्या चौथी-पाचवीपर्यंतच्या शाळेला या अटी दारातूनच परत पाठवतात. म्हणजे एकीकडे ५,००० रुपये आणि दुसरीकडे २० लाख. दोन्ही पैसा जनतेचाच. ज्याच्याकडे आधीच इमारत आहे त्याला अनुदान आणि ज्याच्याकडे नाही त्याला उपदेश, ही भारतीय नियोजनाची जुनी खोड आहे. ज्याला खासगी शाळेचे कर्तृत्व म्हणून मिरवले जाते, त्यात सार्वजनिक तिजोरीचा वाटा किती, हे एकदा मोजले पाहिजे.

वाशीम हा २०१८ पासून केंद्राच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्या कार्यक्रमात शिक्षणाला ३० टक्के भारांक दिला गेला. मुलींची स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वीज, पाठ्यपुस्तके, भाषा-गणितातील संपादणूक ही मोजमापे त्यात आली, आणि ती आवश्यकच होती. पण मैदान, चित्रकला, नाटक, वाचनालय यांपैकी एकही गोष्ट त्या निर्देशकांत नाही. मागास जिल्ह्यातील मुलाने आकांक्षा धरायची ती नळ आणि दिवा यांच्यापुरतीच, असे मोजमाप करणाऱ्यांनी ठरवून टाकले असावे.

खासगी संस्थाचालकांचे उत्तर ठरलेले असते: पालक स्वखुशीने पैसे भरतात. हे ‘स्वखुशी’ प्रकरण तपासण्यासारखे आहे. समजा, एखाद्या उपक्रमाची वर्षाची फी ५,००० रुपये आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे ही रक्कम मजुराच्या सोळा दिवसांच्या कमाईइतकी झाली. शेतकऱ्याची स्थिती काय निराळी आहे? २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून बराच कमी भाव मिळाला. एका मुलाच्या एका उपक्रमापायी क्विंटलभराहून अधिक सोयाबीन गेले. अशा घरात स्वखुशीला जागा कोठे उरते? तेथे एक तर कर्ज असते, नाही तर मुलाला दिलेला नकार असतो. आणि दोन मुलांपैकी एकालाच स्केटिंगला पाठवता येणार असेल, तर घरी राहणारे मूल बहुधा मुलगी असते, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

२५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलाचा प्रश्न याहून नाजूक आहे. राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे करण्याचा घाट घातला. मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना १९ जुलै २०२४ रोजी रद्द केली. दार पुन्हा उघडले. पण जेथे उपक्रमांची फी वेगळी आकारली जाते, तेथे हे मूल गणिताच्या तासाला सर्वांबरोबर बसते आणि क्लबाच्या तासाला वर्गात एकटे उरते. बाकावरची समानता मैदानावर संपते. आपण कोण आहोत, हे त्या मुलाला गणिताच्या पुस्तकापेक्षा त्या रिकाम्या वर्गात अधिक स्पष्ट समजते. स्नेहसंमेलनात शहरी मुले भाड्याने आणलेली आरशांची बंजारा वस्त्रे घालून नाचतात. ज्या तांड्यावर होळीला लेंगी गायली जाते, तेथील मुलाला मात्र त्या रंगमंचावर प्रवेश नाही. याला सांस्कृतिक कार्यक्रम म्हणतात!

वऱ्हाडात ही परंपरा मुळात विक्रीची नव्हतीच. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये उभे राहिले आणि त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. १९३७ च्या वर्धा परिषदेने हातांच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसवले. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय’ दैनिक काढीत. त्याला शाई-कागदापलीकडे भांडवल लागले नाही. १९४१ पासून सेवा दलाच्या शाखांवर खेळ आणि गाणी फीविना चालली. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित संस्थांचे पेव फुटले, २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना राजमार्ग मिळाला, आणि जे गावाचे होते ते दरपत्रकावर गेले.

केरळने निराळा रस्ता धरला. तेथे शालेय कलोत्सव १९५७ पासून सरकारी यंत्रणा भरवते. शाळा ते राज्य अशी त्याची चढण आहे आणि सरकारी शाळेतील मुलेही ती चढतात. वेशभूषेचा आणि खासगी तालमींचा खर्च तेथेही बोकाळला आहे, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही तेथे हा विषय सरकारच्या जबाबदारीचा मानला जातो. महाराष्ट्रात तो पालकाच्या खिशाचा ठरला आहे.

खासगी शाळांतील क्लब बंद करा, ही मागणी मूर्खपणाची ठरेल. मुलांनी बुद्धिबळ खेळावे, झाडे लावावीत, नाटके करावीत. फीच्या प्रश्नावर २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालकांच्या हाती कार्यकारी समिती दिली आहे. त्या समितीवर चिठ्ठ्या टाकून निवडल्या गेलेल्या पालकांना प्रत्येक उपक्रमाच्या फीचा हिशेब मागण्याचे बळ चळवळीने द्यावे. मुख्य लढाई मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि कलम २२ प्रमाणे ही समिती जो विकास आराखडा करील तोच अनुदानाचा आधार ठरतो. त्या आराखड्यात मैदानाचे सपाटीकरण, वाचनालयाचे कपाट आणि तीन-चार लहान शाळांना मिळून एक कला-क्रीडा निदेशक या बाबी लिहून घेणे शक्य आहे. पटाची शंभराची अट शिथिल करण्याची मागणी त्यासोबतच गेली पाहिजे. जिल्ह्याच्या सहा तालुक्यांत किती शाळांच्या आराखड्यात आज यांतील एक तरी बाब आहे, ही यादी पंचायत समित्यांकडून लेखी मागवून ग्रामसभेत वाचून दाखवण्याचे काम जूनअखेर शाळा उघडण्यापूर्वी उरकले पाहिजे.