आडनाव विचारणारी मैदानं

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्टीत अमेरिका किंवा कॅनडातल्या एखाद्या मोठ्या शहरात व्हॉलीबॉलची एक आगळी स्पर्धा भरते. संघात सहा नव्हे, नऊ खेळाडू. सर्व्हिस बदलली की जागाही बदलायच्या, हा नेहमीचा प्रकार इथे नाही. ज्याची जागा त्याची. चायनाटाउनच्या रस्त्यांवर आणि पार्किंगच्या डांबरावर पट्टे आखून हा खेळ वाढला. त्यामुळे चेंडूसाठी सूर मारणाऱ्याचे कोपर आणि गुडघे सोलवटलेले असणं, ही त्याची जुनी ओळख. पण या स्पर्धेचा सर्वांत अवघड नियम जाळीच्या उंचीचा नाही. मैदानातल्या नऊपैकी किमान सहा खेळाडू पूर्णपणे चिनी वंशाचे हवेत आणि उरलेले तिघे आशियाई वंशाचे, असा तो नियम आहे.

आज कुणी नव्याने असा नियम केला, तर पहिल्याच दिवशी गहजब होईल. मात्र तो कुठून आला, हे पाहिलं की गहजब करणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो. १८८२मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं आणि तो कायदा १९४३पर्यंत टिकला. आधीच आलेल्यांना बायकामुलं आणणं जवळजवळ अशक्य होतं. लॉन्ड्री आणि खानावळींत राबणाऱ्या या एकट्या पुरुषांना गोऱ्यांच्या क्लबात कोण घेणार? दक्षिण चीनमधल्या तैशान भागातून सोबत आलेला नऊ जणांचा व्हॉलीबॉल त्यांनी गल्लीत मांडला. तिथे कुणाची परवानगी लागत नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या जपानी-अमेरिकन बास्केटबॉल लीगची कथा याच वळणाची, आणि तिच्यात लहान मुलं असल्यामुळे अधिक गुंतागुंतीची आहे. दुसऱ्या महायुद्धाआधीच जपानी वस्त्यांमध्ये चर्च आणि बौद्ध मंदिरांच्या आश्रयाने संघ उभे राहिले होते. फेब्रुवारी १९४२मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला आणि जपानी वंशाच्या सुमारे सव्वा लाख माणसांना घरंदारं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबण्यात आलं. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. मांझनार, तुली लेक, हार्ट माउंटन अशा त्या छावण्यांतही पोरांनी चेंडू सोडला नाही. सुटून आल्यावर शेजारपाजार बदललेला, दुकानं गेलेली, आणि नजरा तशाच. मग लीग पुन्हा उभ्या राहिल्या. वॅट मिसाका १९४७मध्ये न्यूयॉर्क निक्सकडून उतरला आणि पुढे एनबीए झालेल्या त्या लीगमधला पहिला बिगरगोरा खेळाडू ठरला. पण त्याच्या वाट्याला जेमतेम तीन सामने आले.

या लीगनी दिलं ते थोडं नाही. पाच-सहा वर्षांच्या पोरीला बुटकी म्हणून बाजूला न बसवता चेंडू हातात देणारी जागा अमेरिकेत सहज मिळत नव्हती. नॅटली नाकासे अशाच वातावरणात वाढली. पाच फूट दोन इंच उंचीची ही खेळाडू पुढे प्रशिक्षक झाली आणि २०२५मध्ये महिलांच्या व्यावसायिक लीगमधली सर्वोत्तम प्रशिक्षक ठरली. ज्यांना वाटतं की समाजापुरत्या लीग म्हणजे नुसता कूपमंडूकपणा, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

अडचण पुढे सुरू होते.

२०१०च्या अमेरिकी जनगणनेत १३ लाखांहून अधिक लोकांनी आपण जपानी वंशाचे असल्याची नोंद केली. त्यांपैकी केवळ जपानी वंश सांगणारे होते सुमारे ७ लाख ६३ हजार. म्हणजे दर पाचांतल्या दोघांचं गोत्र मिश्र. अशा वेळी ‘आपली मुलं’ कुणाला म्हणायचं? नियम लीगगणिक वेगळे. कुठे संघात जपानी किंवा आशियाई वंशाच्या मुलांचं किमान प्रमाण ठरलेलं, कुठे बाहेरच्यांची कमाल संख्या बांधलेली, तर कुठे दार बऱ्यापैकी उघडं. जिथे नियम कडक, तिथे आठ वर्षांच्या मुलाच्या आठ पणजोबा-पणज्यांचा हिशेब मांडायची वेळ येते. आईची आई जपानी असेल, तर आठांतले दोन. म्हणजे पाव हिस्सा. पाव चालेल की अर्धा हवा? आडनाव गार्सिया असेल, तर आजीच्या माहेरचा पुरावा काय द्यायचा? आणि ज्याचं उत्तर नियमात बसत नाही, त्या पोराला घरी परतताना गाडीत काय सांगायचं?

एकेकाळी ज्या आजोबांना त्यांच्या रक्तावरून छावणीत टाकलं, त्यांच्याच नातवाचं रक्त आता समाजाची समिती मोजते, हा यातला सर्वांत बोचरा भाग. बाहेरच्यांना अडवायला घातलेलं कुंपण घरातल्याच मुलांच्या पायांत येऊ लागलं आहे.

नियमाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. दार सताड उघडलं की जिंकण्याच्या नादात संघचालक बाहेरून उंच, तयार खेळाडू आणतात. ज्यांच्यासाठी लीग काढली, ती मुलं बाकावर बसतात. वर्षभर वर्गणी काढणाऱ्या, धावफलक सांभाळणाऱ्या, संत्र्याच्या फोडी करून आणणाऱ्या आयांच्या हाती मग टाळ्या वाजवणं उरतं. भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय वंशावळीत नाही, खेळाच्या नियमांत आहे: प्रत्येक मुलाला सामन्यात ठरावीक मिनिटं खेळवण्याची सक्ती, कौशल्यानुसार गट, हंगामाच्या मध्यात खेळाडू आणायला बंदी. आणि समाजाशी नातं तपासायचंच असेल, तर ते वागण्यातून तपासावं. मूल शनिवारच्या भाषावर्गाला येतं का, घरचे मंदिराच्या उत्सवात राबतात का, हे प्रश्न कुणालाही विचारता येतात आणि त्यांची उत्तरं कुणालाही कमावता येतात. पणजी कमावता येत नाही.

स्पेनमधला अॅथलेटिक बिल्बाओ हा फुटबॉल क्लब शंभरहून अधिक वर्षं फक्त बास्क प्रदेशातले खेळाडू घेतो. पण बास्क कोण, याची त्याची व्याख्या काळानुसार रुंदावत गेली: जो तिथे जन्मला किंवा तिथल्या मैदानांवर घडला, तो बास्क. इन्याकी विल्यम्स याचे आईवडील घानाहून सहारा वाळवंट तुडवत आले. इन्याकी बिल्बाओत जन्मला आणि क्लबचा लाडका झाला. त्याचा धाकटा भाऊ निको स्पेनकडून खेळतो, तो स्वतः घानाकडून, आणि दोघंही बिल्बाओचे. क्लबचं बास्कपण त्याने पातळ झालं, असं तिथे फारसं कुणी म्हणत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं परक्या मुलखातलं वाटायचं कारण नाही. मुंबईने हा प्रयोग ब्रिटिश अमदानीत केला होता. युरोपियन विरुद्ध पारशी या सामन्यांत १९०७मध्ये हिंदू आले, १९१२मध्ये मुस्लिम, आणि १९३७मध्ये ‘द रेस्ट’ म्हणजे उरलेले. पंचरंगी सामन्यांनी भारताला उत्तम क्रिकेटपटू दिले, गर्दी खेचली, हे कबूल. पण धर्माच्या नावाने बांधलेला संघ आतून तरी एक होता का? फिरकीपटू पालवणकर बाळू चर्मकार समाजातला. पुण्यात त्याच्या गोलंदाजीवर हिंदू संघ जिंकत होता आणि चहाच्या वेळी त्याला पॅव्हिलियनबाहेर, फेकून द्यायच्या भांड्यात चहा मिळत होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्याला कधी मिळालं नाही. ते त्याच्या भावाच्या, विठ्ठलच्या वाट्याला आलं, तेही १९२३ उजाडल्यावर.

सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘उरलेल्यां’त. १९४३च्या डिसेंबरात ब्रेबॉर्नवर हिंदूंविरुद्ध दुसऱ्या डावात संघाच्या ३८७पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने केल्या. समोर त्यांचा भाऊ विवेक दुसरी बाजू लावून धरत होता; त्याच्या धावा २१. तरीही संघ डावाने हरला. गांधीजींनी १९४०मध्येच या सामन्यांबद्दलची नापसंती हिंदू जिमखान्याच्या शिष्टमंडळाला सांगितली होती. १९४६मध्ये हे सामने कायमचे थांबले.

निदान त्या पातळीवर थांबले. आयपीएल आल्यापासून गावोगावी, उपनगरोपनगरी समाजाच्या नावाच्या ‘प्रीमियर लीग’ उभ्या राहिल्या आहेत. टर्फवर रात्रीचे दिवे, टेनिस बॉल, लिलाव, रंगीत जर्सी, आणि फलकावर ‘फक्त समाजातील खेळाडूंसाठी’. विखुरलेला समाज एकत्र येतो, ओळखीपाळखी होतात, कुणाच्या वैद्यकीय मदतीसाठी निधीही जमतो. मोठ्या माणसांनी आपल्या हौसेसाठी एका संध्याकाळी असा खेळ मांडला, तर त्यात बिघडत फार नाही. मुलांचा गट सुरू झाला की मात्र गोष्ट बदलते. आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीचा मुलगा आजोळच्या संघात चालेल का, वडिलांचं आडनाव वेगळं असलं तर काय, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर काय लिहिलंय, अशी चौकशी सुरू होते. शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मित्रांपैकी एकाला जर्सी मिळते आणि दुसऱ्याला तिचं कारण कळतं. काही मुलांना आपली जात त्या दिवशी पहिल्यांदा समजते.

समाजाच्या मंडळांनी या लीग बंद कराव्यात, असं म्हणणं सोपं आणि निरुपयोगी आहे. यजमानपद त्यांचं, करंडकावरचं नाव त्यांच्या पूर्वजांचं, जेवण त्यांच्या पद्धतीचं असू दे. सोळा वर्षांखालच्या गटात मात्र पात्रता वस्तीची, शाळेची आणि वयाची असावी. मे महिन्यातल्या स्पर्धांचे प्रवेशअर्ज बहुतेक ठिकाणी दिवाळीनंतरच्या बैठकांत ठरतात. नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा आणि पालकांचा फोन, एवढ्या पाच रकान्यांत मुलांची स्पर्धा व्यवस्थित पार पडते. सहावा रकाना वगळावा, हा एका ओळीचा ठराव त्या बैठकीत कुणीतरी मांडायला हवा.