पहिली गाडी आणि मागची सीट

परवा शनिवारी संध्याकाळी मामेभाऊ घरी आला. चेहऱ्यावर नुसती दिवाळी. खिशातून लायसन्स काढून माझ्या लॅपटॉपवर ठेवलं आणि म्हणाला, "दादा, पास झालो. आता सांग, कोणती घेऊ?" मग मोबाईलवर तीन गाड्यांचे फोटो दाखवले. तिन्ही उंच, तिन्ही टोकदार आणि तिघींचीही मागची सीट म्हणजे पाटावर उशी ठेवल्यासारखी. वय वर्षं एकोणीस. वाळूजला एका कंपनीत नुकताच अप्रेंटिस लागलाय. मामा कर्ज काढायला तयार आहेत. म्हणजे निर्णय जवळजवळ झालेलाच, माझा फक्त शिक्का हवा होता.

मी शिक्का दिला नाही. त्यावरून थोडा रुसवा झाला. म्हटलं, त्याला तोंडी नीट सांगता आलं नाही ते इथे लिहून काढावं.

तसा आमच्या पुंडलिकनगरात हा प्रश्न दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या घरात येतोच. या शहराचं मोटारसायकलशी नातंच तसं आहे. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी देशात हीरो होंडाची सीडी १०० आली आणि यामाहाची आरएक्स १०० सुद्धा. आमच्या आधीची अख्खी पिढी शंभर सीसीवर पहिल्या पाळीला गेली, लग्नाला गेली, डबलसीट, टिबलसीट, मधे पोरगं आणि टाकीवर अजून एक. ते बरोबर होतं असं अजिबात नाही, पण गाडी निवडताना "हिच्यावर कोण कोण बसणार?" हा प्रश्न त्यांच्या डोक्यात पहिला असायचा. आमच्या डोक्यात तो शेवटी येतो. किंवा येतच नाही.

आता मुद्द्याचं. आपलं लायसन्स काय सांगतं? "गिअरची मोटारसायकल", बस. एकदा हा शिक्का बसला की आठ हॉर्सपॉवरची स्प्लेंडर चालवा, नाहीतर चाळीसच्या वर हॉर्सपॉवरची ३९० ड्यूक, कायद्याला दोन्ही सारख्याच. युरोपात याचे टप्पे पाडलेत. पहिला टप्पा १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत, मधला ३५ किलोवॅटपर्यंत, त्यापुढे मोठ्या गाड्या. तिथे अठराव्या वर्षी थेट मधल्या टप्प्यापासून सुरुवात करता येते हे खरं, पण त्याची परीक्षा वेगळी असते. ब्रिटनच्या परीक्षेत ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी आणून अचानक थांबवून दाखवावी लागते, आणि त्याच वेगात अडथळा चुकवूनही. माझ्या टेस्टमध्ये गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गेलीच नव्हती. आठ काढला, पाय टेकला नाही, पास. मामेभावाचीही तीच कथा.

थोडक्यात काय, तर मधला टप्पा आपल्याकडे सरकारने ठेवलेला नाही. तो ज्याचा त्याने ठेवायचा. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्यामुळे "थोडेच तर जास्त पडतात" हे वाक्य आता प्रत्येक शोरूममध्ये ऐकू येतं.

हे सगळं मी कुठल्या अधिकाराने सांगतोय? तर स्वतः माती खाल्ली आहे या अधिकाराने.

२०१९ साली नोकरी लागली आणि मीही अशीच एक गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जी जाळी असते, ती मी आठवड्याभरात काढून टाकली. "लूक जातो" म्हणून. मागच्याला धरायची दांडीही काढली. (केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२३ म्हणून एक आहे. मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला काहीतरी, पायाला आधार आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून आच्छादन असलंच पाहिजे असं तो सांगतो. हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे व्हायचं ते होऊन गेल्यावर.)

गुरुवार होता. आईला गजानन महाराज मंदिरात घेऊन चाललो होतो. आई साडीत, एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हातात पिशवी, दुसरा माझ्या खांद्यावर. मंदिराच्या चौकात गर्दी, वेग फार तर दहा. समोरून रिक्षा आडवी आली, मी हँडल वळवलेलं असतानाच पुढचा ब्रेक करकचून दाबला. खाली बारीक वाळू होती. एबीएस होतं गाडीला, पण एवढ्या कमी वेगात आणि वळलेल्या चाकावर ते काय करणार? गाडी डावीकडे कलली. मी पाय टेकवला, पण फक्त बोटं टेकली. गाडीचं वजन एकदा कललं की बोटांवर सावरता येत नाही. आई उंच सीटवरून घसरून हातावर पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

मला काय झालं? पोटरीवर सायलेन्सरचा चटका, एवढंच.

आई मला एका शब्दाने बोलली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "सीट जरा उंच होती हो, माझाच तोल गेला." हे वाक्य मी सहा आठवडे ऐकलं. त्यानंतर ती त्या गाडीवर कधीच बसली नाही. मंदिरात रिक्षाने जायला लागली.

म्हणून माझं मत असं झालंय की पहिली गाडी शंभरच्या वेगाला कशी पळते हे बघून घेऊच नये. दहाच्या वेगाला, मागे माणूस बसलेला असताना कशी सावरते, हे बघून घ्यावी. नवशिका बहुतेक वेळा तिथेच पडतो. चौकात, गेटमध्ये, यू-टर्नला, चढावर थांबून परत निघताना. टेस्टमधला आठ आपण एकट्याने काढतो, खऱ्या आयुष्यातला डबलसीट.

इथे वजनाचा हिशोब सरळ आहे. स्प्लेंडर साधारण ११२ किलो, क्लासिक ३५० साधारण १९५. मधला फरक ८३ किलोचा. म्हणजे एक धडधाकट माणूस कायम तुमच्या गाडीवर बसलेला आहे आणि तो कललात की सावरत नाही, उलट ओढतो. तेव्हा शोरूममध्ये गाडीवर बसून दोन्ही टाचा जमिनीला लागतात का बघा. मग उतरून ती हाताने मागे ढकलत पार्किंगमधून काढून बघा. जिच्याशी हे जमत नाही ती पहिली गाडी नव्हे, दुसरी किंवा तिसरी असेल.

आता मामेभावाचा मुद्दा. "दादा, मला रोज वाळूजला जायचंय. नगर नाक्याच्या पुढे ट्रक, कंपनीच्या बसेस. तिथे शंभर सीसी दम टाकते." मुद्दा खोटा नाही. हेही मान्य की त्याची उंची माझ्यापेक्षा चांगली आहे. पण त्यावर उत्तर १२५ सीसी हे आहे, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली. फार तर दीडशे-एकशेसाठ. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, हा त्या गटाचा खरा फायदा. त्याखालच्यांना सीबीएसही चालतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. यापुढची ताकद वाळूजच्या रस्त्यावर वापरायला जागाच नाही. साधं गणित करा. ताशी ४० ला मेंदूने "ब्रेक" म्हणेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते, आणि चांगले ब्रेक लागले तरी थांबायला अजून दहा. ताशी ६० ला हेच १७ आणि २३. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. हॉर्सपॉवर वाढली म्हणून तो एक सेकंद कमी होत नाही.

पैशाचंही थोडं बोलतो, कारण हप्ता मामा भरणार आहेत. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. २०२२ साली ठरलेल्या दरांत तो ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये होता आणि त्यापुढे ३५० सीसीपर्यंत ७,३६५, वर कर वेगळा. मग टायर, चेन, पेट्रोल. खरं म्हणजे पहिली गाडी जुनी घ्यावी असंच मी म्हणेन, कारण ती एकदा तरी पडणारच आहे. फक्त आरसी बुकावरचा कर्जाचा बोजा उतरलाय का, पुढच्या शॉकअपमधून ऑईल गळतंय का आणि हँडल सोडल्यासारखं केलं की गाडी एका बाजूला ओढते का, एवढं मेकॅनिकला दाखवून घ्यावं.

आणि पहिली खरेदी हेल्मेटची. दोन हेल्मेटची. २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण दुचाकीवर गेले, असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. ते गाडी चालवत नव्हते आणि गाडी त्यांनी निवडलेलीही नसणार.

रविवारी सकाळी मी मामेभावाला बाबांची जुनी शंभर सीसी दिली आणि म्हटलं, मामीला मागे बसव आणि कामगार चौकातून भाजी घेऊन ये. अर्ध्या तासाने आला. घामाघूम. गाडी स्टँडला लावली आणि हळूच म्हणाला, "आई मागे हलते रे खूप."

मामी म्हणाल्या, "मी कुठे हलते? तूच हलवतोस."

तीन फोटोंतला एक कालपर्यंत तरी मोबाईलवर होता. असो. अजून बुकिंग झालेलं नाही, एवढीच बातमी आहे.