दिल्ली पाहिली, पण मराठ्यांची दिल्ली पाहिली काय?

१/ महाराष्ट्रातून दिल्लीस जाणाऱ्या पर्यटकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला लाल किल्ला, कुतुबमिनार आणि इंडिया गेट एका दिवसात उरकून सायंकाळी चांदणी चौकात खरेदीस लागतो. दुसरा लाल किल्ल्यापुढे घोषणा देतो, छायाचित्र काढतो आणि ‘येथे आमचे राज्य होते’ असे लिहून मोकळा होतो. पहिल्यास इतिहास नको आहे. दुसऱ्यास इतिहासातला फक्त विजय हवा आहे. आजच्या थ्रेडचा रोख मुख्यतः दुसऱ्यावर आहे, कारण तो स्वतःस इतिहासप्रेमी म्हणवतो.

२/ त्याला एक साधा प्रश्न विचारावा : इंग्रजांनी दिल्ली कोणाकडून घेतली? ‘मोगलांकडून’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते चूक आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या पूर्वेस, पटपडगंजच्या परिसरात, जनरल लेकची गाठ पडली ती दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेशी. त्या फौजेचे नेतृत्व लुई बुर्कँ या फ्रेंच अधिकाऱ्याकडे होते. ती हरली, इंग्रज नदी ओलांडून शहरात शिरले आणि वृद्ध, अंध शाह आलम त्यांच्या आश्रयास गेला. तख्त मोगलांचे होते. पहारा शिंद्यांचा होता.

३/ हा पहारा घोषणांनी मिळालेला नव्हता. पानिपतानंतर अवघ्या दहा वर्षांत, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये अलाहाबादेस राहणारा शाह आलम त्यांच्या बळावर राजधानीत परतला. १७८४ मध्ये बादशहाने ‘वकील-ए-मुतलक’ हे सर्वोच्च पद पेशव्यास दिले आणि त्याचा कारभार महादजी शिंद्यांच्या हाती आला.

४/ आता घोषणेत न मावणारा भाग. १७८७ च्या लालसोटच्या मोहिमेनंतर महादजींचा उत्तरेतील पाय डळमळला. ती संधी साधून १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने लाल किल्ला बळकावला आणि ऑगस्टमध्ये बादशहाचे डोळे काढले. ज्याच्या रक्षणाचे दायित्व आपण स्वीकारले होते, त्याच्यावर हा प्रसंग ओढवला तेव्हा आपली फौज किल्ल्यात नव्हती. पुढे मराठ्यांनी दिल्ली परत घेतली, गुलाम कादिरास पकडून ठार केले आणि अंध बादशहास पुन्हा तख्तावर बसवले. हे सारे खरे. परंतु अभिमान बाळगायचा, तर तो या उशिराच्या जाणिवेसह बाळगावा.

५/ त्याच किल्ल्यातील दिवाण-ए-खासमध्ये जाऊन वर पाहावे. आज तेथे लाकडी छत दिसते; एकेकाळी ते चांदीने मढवलेले होते. १७६० मध्ये दिल्ली घेतल्यावर सदाशिवरावभाऊंच्या फौजेने ती चांदी काढून तिची नाणी पाडली. पैसा संपला होता, फौज उपाशी होती, अब्दाली समोर होता; कारण समजण्याजोगे आहे. पण कारण समजणे वेगळे आणि घटना गाळणे वेगळे. मयूरासन नेणाऱ्या नादिरशहास ‘लुटारू’ म्हणणाऱ्याने निदान या छताखाली क्षणभर गप्प राहावे.

६/ याउलट उदाहरणही याच शहरात आहे. १७३७ मध्ये पहिला बाजीराव अचानक दिल्लीच्या वेशीवर धडकला आणि आजच्या तालकटोऱ्याच्या बाजूस त्याने मोगल फौजेस पिटाळून लावले. राजधानी उघडी पडली होती. तरीही त्याने ती जाळली नाही. शहर उद्ध्वस्त करण्यात लाभ नाही, त्याने राजकारण तुटते, असा विचार त्याने चिमाजीअप्पांस लिहिलेल्या पत्रात मांडला आहे. तालकटोऱ्यावरून जाणाऱ्या किती मराठी पर्यटकांना हा संयम आठवतो?

७/ ‘सहलीस गेल्यावर एवढे ओझे कशास?’ असे पहिला वर्ग विचारील. उत्तर सरळ आहे : अन्यथा आपण दुसऱ्याने निवडून ठेवलेली दिल्ली पाहून येतो. १८५७ नंतर इंग्रजांनी लाल किल्ल्यातील बहुतांश महाल पाडले आणि तेथे सैनिकांच्या बराकी बांधल्या. आज ‘शहाजहानचा किल्ला’ म्हणून आपण जे पाहतो, ते इंग्रजांनी पाडून उरलेले आहे. ज्यास हे ठाऊक नाही, तो रिकाम्या हिरवळीस मोगल उद्यान समजून पुढे जातो.

८/ तेव्हा पुढच्या वेळी एक दिवस वेगळा काढावा. सकाळी दिवाण-ए-खास, दुपारी तालकटोरा, आणि शेवटी यमुनेपलीकडील पटपडगंज. त्या लढाईचा इंग्रजांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. जिंकणाऱ्याने आपली खूण ठेवली. हरणाऱ्यांच्या वारसांना ती लढाई कोठे झाली हेही ठाऊक नाही.

९/ राजधानी ही केवळ विजयाची जागा नसते. सत्ता कशी मिळते, कशी राबवली जाते आणि कशी हातची जाते, हे तेथे एकाच भिंतीच्या आत पाहावयास मिळते. मराठ्यांनी दिल्लीत हे तिन्ही अनुभवले. त्यांपैकी फक्त पहिले सांगणाऱ्यास तरुण मित्रांनी इतिहासप्रेमी म्हणू नये. फार तर उत्साही प्रवासी म्हणावे.